बरगंडीची बाटली वाचायची कशी?

प्रश्न : मुलाकडे फ्रान्समधील ल्यों येथे गेलो असताना तेथील दुकानात बरगंडी या फ्रेंच प्रदेशाच्या दोन रेड वाइन पाहिल्या. एकीवर ‘जेव्रे-शांबर्तँ’ असे नाव होते, तर दुसरीवर नुसते ‘शांबर्तँ’. मात्र दुसरीची किंमत पहिलीच्या कित्येक पट होती. आपल्याकडच्या बाटल्यांवर शिराझ, शेनिन ब्लांक अशी द्राक्षाची जात ठळक लिहिलेली असते. येथे ती कोठेच दिसली नाही. मग हा फरक नेमका कशाचा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : द्राक्ष दोन्ही बाटल्यांत एकच आहे, पिनो न्वार. गामे आणि आलिगोते या जातींचे थोडे अपवाद सोडले, तर बरगंडीची रेड वाइन पिनो न्वारची आणि व्हाइट शार्दोनेची असते, त्यामुळे जात छापण्याची तेथे फारशी गरज वाटत नाही. बाटलीवर नाव असते ते जमिनीचे, आणि ती जमीन जितकी नेमकी सांगितलेली, तितका वाइनचा दर्जा वरचा मानला जातो. सर्वांत खालच्या पायरीवर नुसते ‘बूर्गोन्य’ म्हणजे सबंध प्रदेशाचे (बरगंडीचे) फ्रेंच नाव असते, त्याच्या वर गावाचे. त्याहून वरच्या ‘प्रमिए क्रू’ पायरीवर गावाच्या नावापुढे बहुधा शिवारातील विशिष्ट तुकड्याचे नाव येते, आणि सर्वांत वरच्या ‘ग्राँ क्रू’ला गावाचे नाव लावावेच लागत नाही. अशा ग्राँ क्रू जमिनी एकूण ३३ असून त्यांचे उत्पादन बरगंडीच्या एकूण उत्पादनाच्या दोन टक्क्यांच्याही आत आहे.

शांबर्तँ ही त्यांपैकीच एक, जेमतेम १३ हेक्टरची द्राक्षबाग. ती ज्या गावात आहे त्याचे नाव पूर्वी नुसते जेव्रे होते. १८४७ मध्ये गावाने आपल्या सर्वांत नामांकित शेताचे नाव स्वतःला जोडून घेतले. प्युलिन्यी आणि शासान्य या एकमेकांशेजारच्या गावांनीही पुढे हेच केले, आणि माँराशेची बाग दोन्ही गावांच्या हद्दीत पसरलेली असल्याने ‘माँराशे’ हे नाव दोघांनीही लावले. व्यापाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते, पण तेव्हापासून नवख्या गिऱ्हाइकाची फसगत होत आली आहे.

जमिनीला एवढे महत्त्व का, हे बरगंडीतील दिजों शहराच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटर पसरलेल्या कोत दॉर या टेकड्यांच्या रांगेवर स्पष्ट दिसते. माथ्याजवळ माती पातळ आणि खडकाळ असते व गारठाही अधिक असतो. पायथ्याशी माती खोल आणि चिकण असल्याने पाणी धरून राहते, शिवाय वसंतातील दहिवराचा फटका तेथेच अधिक बसतो. मधल्या उतारावर मात्र चुनखडक आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते, पाण्याचा निचरा होतो आणि पूर्वेकडे तोंड असल्याने सकाळचे ऊन मिळते. बहुतेक ग्राँ क्रू बागा याच पट्ट्यात आहेत.

तरीही केवळ या पायऱ्यांवर विसंबून पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लो द वूजोचेच उदाहरण घ्या. सितोच्या मठातील साधूंनी उभी केलेली, दगडी भिंतीने वेढलेली ही सुमारे ५० हेक्टरची बाग फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चकडून काढून घेण्यात आली. पुढे १८८९ मध्ये ती तुकड्यांत विकली गेली, आणि आपल्याकडे सातबाऱ्यावर नावे वाढत जातात त्याप्रमाणे तेथे आज सुमारे ८० मालक आहेत. वरच्या अंगाला, जुन्या वाड्याजवळ, निचऱ्याची उत्तम जमीन आहे, तर खाली रस्त्यालगत ओलसर चिकणमाती. पण ग्राँ क्रूचा मान सगळ्या बागेला सारखाच मिळतो. दर्जा कायद्याने जमिनीला दिलेला असतो. वेल किती काळजीने छाटले, घड किती राखले, खुडणी कधी केली आणि वाइन पिंपात कशी मुरवली, हे सर्व उत्पादकाच्या हातात राहते. म्हणून लेबलवर जमिनीच्या नावाखालोखाल उत्पादकाचे नाव वाचावे. अनोळखी उत्पादकाच्या स्वस्तातल्या ग्राँ क्रूपेक्षा नावाजलेल्या बागायतदाराची साधी ‘बूर्गोन्य’ पुष्कळदा अधिक समाधान देते. तुम्ही पाहिलेल्या दोन बाटल्यांपैकी मी जेव्रे-शांबर्तँच घेतली असती, अर्थात उत्पादकाची चौकशी करूनच.

प्रश्न : रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असे म्हणतात. बरगंडीलाही हेच लागू होते का, आणि ती आपल्या जेवणासोबत चालते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा नियम युरोपातील जुन्या, थंड घरांसाठी होता. पिनो न्वारचा सुगंध नाजूक असतो आणि ती १४ ते १६ अंश सेल्सिअसला उत्तम लागते. एप्रिलमध्ये पुण्यात खोलीचे तापमान याच्या दुप्पट असते, तेव्हा बाटली तासाभराहून थोडा अधिक वेळ फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. वर्षानुवर्षे बाटली मुरवण्याचा हट्ट मात्र, थंड कपाटाची सोय नसेल तर, धरू नये. उन्हाळ्यात ती बिघडण्याचीच शक्यता अधिक.

जेवणाचे म्हणाल, तर तांबड्या रश्श्यापुढे या वाइनचा टिकाव लागत नाही. भाजलेली कोंबडी किंवा लोण्यात परतलेली अळंबी तिच्याशी जुळते. सुरमईचा तळलेला तुकडा ताटात असेल, तर रेडऐवजी शाब्लीची बाटली काढावी; तीही बरगंडीचीच, थंड उत्तरेकडच्या शार्दोनेची, आणि तिचा आंबटपणा तळणीला छान तोलून धरतो.