आधी अर्ज, मग शाळेचा दाखला

प्रश्न : परस्परसंमतीने घटस्फोट झाल्यावर आठ वर्षांच्या मुलाचा ताबा माझ्याकडे आला. हुकूमनाम्याप्रमाणे तो दर शनिवारी सायंकाळी पाच ते रविवारी सायंकाळी पाच आणि निम्मी दिवाळी व मे महिन्याची सुट्टी वडिलांकडे असतो. माझी पुण्याला बदली झाली आहे. जूनमध्ये हजर व्हायचे आहे. वडिलांचा विरोध आहे. भाऊ म्हणतो, दाखला काढ आणि जा, पुढचे पुण्यात बघू. काय करावे? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या भावाचा सल्ला मायेपोटी आला असला, तरी तो मानू नये. ताबा आपल्याकडे असला, तरी त्याच हुकूमनाम्याने वडिलांना दिलेली भेट परस्पर बंद पाडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. आणि सुमारे 230 किलोमीटरवर राहायला गेल्यावर दर शनिवारची भेट बंदच पडेल. मग वडील दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज) दाखल करतील, अवमानाचा अर्ज करतील आणि ताबा बदलून मागायला आपणच त्यांना कारण दिलेले असेल. ‘पुण्यात बघू’ हेही वाटते तितके सोपे नाही, कारण पालक व पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 9 नुसार मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो आणि नुकत्याच बदललेल्या पत्त्याला न्यायालये सहसा तसे वजन देत नाहीत.

हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 नुसार, ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तेच न्यायालय मुलाच्या ताब्याविषयीचे आदेश वेळोवेळी बदलू शकते. त्यामुळे अर्ज कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयातच करावा. ‘संमतीने ठरले, आता बदल नाही’ असे वडिलांना म्हणता येणार नाही. ताब्याचे आदेश, मग ते संमतीचे का असेनात, मुलाच्या हितासाठी बदलता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात 1973 सालीच सांगितले आहे.

अर्जात खरे महत्त्व आपल्या बदलीला नसून, वडिलांचा गेलेला वेळ आपण कसा भरून देता याला आहे. आज वडील मुलाला शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना दाखवायला नेत असतील, आजी-आजोबांकडे जेवायला नेत असतील. हे सगळे गेल्यावर मुलाच्या हाती काय उरणार, हा प्रश्न न्यायाधीश विचारणारच. तेव्हा नवे वेळापत्रक आपणच मांडावे : महिन्यातून एक शनिवार-रविवार मुलगा कोल्हापुरात, एकदा वडील पुण्यात, मे महिन्याच्या सुट्टीचा निम्म्याहून मोठा भाग वडिलांकडे, ठरलेल्या वारी व्हिडिओ कॉल (प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा अशा संपर्काला सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात महत्त्व दिले आहे), आणि प्रवासखर्चातला आपला वाटा. बदलीचा आदेश, पुण्यातील शाळेत प्रवेश मिळू शकत असल्याचे पत्र आणि आपण कामावर असताना मुलाला कोण सांभाळेल याचा तपशील जोडावा. बदली रद्द करण्याची विनंती केली होती का, हे वडिलांचे वकील विचारतील. केली असल्यास तिची प्रत ठेवावी.

पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे, हा नियम आपल्या मुलाला आता लागू नाही. न्यायाधीश कदाचित त्याच्याशी दालनात बोलतील. त्याला काही शिकवून पाठवू नका. पढवलेले मूल दोन मिनिटांत ओळखू येते आणि त्याचा दोष आईवर येतो. पोटगी थकलेली असली, तरी तिचा भेटीशी संबंध जोडू नये.

जून जवळ असल्याने मूळ अर्जासोबतच अंतरिम आदेशाचा अर्ज द्यावा आणि आदेश हाती येईपर्यंत दाखला काढू नये. न्यायालयातील विवाह समुपदेशकांसमोर बसून दोघांनी सुधारित अटींवर सह्या केल्या, तर बराच वेळ वाचेल. अंतिम आदेश विरोधात गेला आणि अपील करावे लागले, तरी त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू आहे. तोवर येत्या शनिवारी पाच वाजता मुलाला नेहमीप्रमाणे वडिलांकडे पोहोचवावे.