यादी ७४ हजारांची, प्रोजेक्ट १४ हजारांचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धुळे जिल्ह्यातलं कॉलेज, शेवटचं वर्ष, चौघांचा गट. शिरपूर तालुक्यातल्या केळीच्या बागेत तापमान, आर्द्रता आणि जमिनीतला ओलावा मोजून शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवायचा आहे. खर्चाची यादी ७४ हजारांवर गेली. विभागप्रमुख म्हणाले, प्रोजेक्टसाठी वेगळा निधी नाही. आणि गटातला एक जण म्हणतोय की पुण्याहून १८ हजारांत तयार प्रोजेक्ट आणू आणि मोकळे होऊ.

मी २२ वर्षं खान्देशातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतेय. त्यातली ११ वर्षं प्रोजेक्टचं काम माझ्याकडे होतं. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मुलं हाच प्रश्न घेऊन येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमची यादी. लॅपटॉप ३२ हजार, थ्री-डी प्रिंटर १९ हजार, ऑसिलोस्कोप १४ हजार आणि शेवटी सेन्सर, बोर्ड, बॅटरी मिळून ९ हजार. म्हणजे प्रोजेक्ट ९ हजारांचा आणि त्याच्या डोक्यावर ६५ हजारांचं सामान. हे सामान तुम्हाला वापरायला हवंय, विकत घ्यायला नकोय. ही यादी बाहेर कुणाला दाखवलीत तर समोरचा पहिल्या ओळीवरच थांबेल. लॅपटॉप बघितला की देणाऱ्याला वाटतं, पोरांना स्वतःसाठी हवाय. तुमच्या मनात तसं नसेलही, पण यादी तेच सांगते.

ऑसिलोस्कोप, म्हणजे सर्किटमधले सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र, तुमच्या विभागात आहे. नसेल तर इलेक्ट्रिकल किंवा फिजिक्सकडे नक्की आहे. त्यासाठी अर्ज विभागप्रमुखांना करा, पण आधी लॅब असिस्टंटला भेटा. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते, आणि वस्तू हरवली तर जबाबदारीही त्यांच्यावर येते. 'संध्याकाळी पाच ते सात, तुमच्यासमोर वापरू, वहीत सही करू' असं बोला, अडचण येणार नाही. थ्री-डी प्रिंटर विकत घेऊन तुम्ही चार डबे छापणार आणि मग तो धूळ खाणार. ग्रॅमवर पैसे घेऊन छापून देणारे आता सगळीकडे आहेत. ज्या कॉलेजांत एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, आयडिया लॅब आहे तिथेही विचारा, ती बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही वापरू द्यावी अशीच कल्पना आहे. एखादं महागडं उपकरण दोन दिवसांपुरतं लागलं तर आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे. देशभरातल्या संशोधन संस्थांची उपकरणं तिथे शोधून वेळ घेता येते. सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालू नका. सर्किटसाठी कायकॅड पुरेसं आहे, ते फुकट आहे आणि उत्तम आहे.

दुसरीकडे, जे लागणार आहे ते तुमच्या यादीत नाही. सुटे जास्तीचे सेन्सर नाहीत. जीएसटी १८ टक्के धरलेला नाही. कुरिअर, सिमचा रिचार्ज, बागेत जायचं दहा वेळचं पेट्रोल, खांब, डबा, काहीच नाही. हे सगळं घातलं आणि वरचं ६५ हजारांचं सामान काढलं, तर माझ्या हिशेबाने १४ हजारांच्या आसपास येतं. तीन ठिकाणी मोजणी आणि त्या नोंदी गोळा करून इंटरनेटवर पाठवणारा एक गेटवे, एवढ्यात बसतं. तयार प्रोजेक्ट १८ हजारांना मिळतोय ना? मग तुमचा स्वतःचा त्याहून स्वस्त पडतोय. शिवाय विकतच्या डब्यात काय आहे हे तोंडी परीक्षेत सांगता येत नाही. त्या मित्राला हा आकडा दाखवा आणि एवढ्यावर विषय मिटवा.

खरेदीबद्दल दोन-तीन गोष्टी, कारण चुकीची वस्तू आली की पैसे दुप्पट जातात. तापमानासाठी डीएचटी-११ घेऊ नका, त्याची चूक दोन अंशांपर्यंत जाते. डीएचटी-२२ अर्ध्या अंशाच्या आत असतो. ओलाव्याचे दोन उघडे पाय असलेले स्वस्त सेन्सर काही आठवड्यांत गंजतात, कपॅसिटिव्ह प्रकारचे घ्या. लोरा मॉड्यूल, म्हणजे कमी विजेत लांबवर नोंदी पाठवणारा रेडिओ, मागवताना फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना चालते. ९१५ वाले परदेशातल्या बाजारासाठी बनतात, ते इकडे नको.

आणि एक गोष्ट जी पैशाने मिळत नाही. आमच्या एका गटाने असाच सेन्सरचा डबा तापीकाठच्या बागेत लावला होता. मे महिना. मोबाइलवर ५३ अंश दिसायला लागले. मुलं घाबरली, सेन्सर खराब म्हणून नवीन मागवायला निघाली. बागेचे मालक, साठीचे बाबा, डब्यावर हात ठेवून म्हणाले, "हाई डबी माले काय सांगी, तीच तापेल शे!" त्यांचं बरोबर होतं. काळा प्लास्टिकचा बंद डबा उन्हात होता, सेन्सर डब्याची गरमी मोजत होता. मग पोरांनी लग्नाच्या पंगतीत वापरतात तसल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सात ताटल्या आणल्या, मधोमध भोकं पाडली, बोल्टवर एकीखाली एक पालथ्या अडकवल्या, मध्ये बोटभर फट ठेवली आणि सेन्सर आत टांगला. वारा खेळता, ऊन बाहेर. आकडा उतरला, जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदीशी जुळला. खर्च शंभराच्या आत. तुमच्या अहवालात या ताटल्यांचा फोटो टाका. परीक्षकाला त्यातून जेवढं कळतं तेवढं ब्लॉक डायग्राममधून कळत नाही.

आकडे जुळवून बघायला जागाही फुकट आहेत. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. तिथल्या तज्ज्ञांना तुमच्या नोंदी दाखवा. कोणत्या तापमानाला घड होरपळतो, गरम वाऱ्याने पानं कशी फाटतात, कुठल्या महिन्यात कोणता आकडा महत्त्वाचा, हे त्यांच्याकडून एकदा ऐकलंत की प्रोजेक्टचा अर्धा अहवाल तिथेच तयार होतो. शिवाय त्यांचं एक पानाचं पत्र सोबत असलं की पैसे मागताना तुमचं वजन वाढतं.

आता १४ हजार आणायचे कुठून. विभागाला दरवर्षी किरकोळ सामानासाठी, म्हणजे कन्झ्युमेबलसाठी, काही रक्कम असते. 'प्रोजेक्टला निधी नाही' हे विभागप्रमुखांचं उत्तर खरं आहे, पण 'सोल्डर, वायर, पीसीबी, बॅटरी या चार वस्तू विभागाच्या खरेदीत घालाल का' हा प्रश्न वेगळा आहे. त्याला सहसा हो येतं. त्यात तीन-चार हजार निघतात.

खांब, पाइप, डबे यासाठी पैसे मागूच नका, वस्तू मागा. जळगावच्या एमआयडीसीत पाइप आणि चटईचे कारखाने आहेत, धुळ्याला अवधानची एमआयडीसी आहे. तिथे पाइपचे तुकडे, नाकारलेला माल, पत्र्याचे कापलेले भाग पडलेले असतात. मालकाला ५ हजारांचा चेक द्या म्हटलं की तो विचार करतो. पण 'तुमच्याकडचे दोन मीटरचे सहा पाइप हवेत' म्हटलं की सुपरवायझरला हाक मारतो. वस्तू दिल्यावर त्यावर आयकराची सूट मिळत नाही, हे त्यांनी विचारलं तर खरं सांगा.

सगळे तुम्हाला 'सीएसआर मागा', म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा मागा, असं सांगतील. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता (नेट वर्थ) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिलाच मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक डाळ मिल, चटई कारखाने, जिनिंग यात बसत नाहीत. आणि ज्या बसतात त्यांचा पैसा कंपनी स्वतः खर्च करते किंवा सीएसआर-१ नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करते, चार विद्यार्थ्यांच्या खात्यात तो येत नाही. म्हणून लहान कारखानदाराला लिहिताना पत्रात सीएसआर हा शब्द घालू नका. तो स्वतःच्या खिशातून देणार आहे, त्याच्याशी तसंच बोला.

पत्र एक पानाचं, मराठीत. इंग्रजी पत्र इथल्या व्यापाऱ्याच्या टेबलावर पडून राहतं. सुरुवात 'आम्ही अंतिम वर्षाचे विद्यार्थी' अशी नको. सुरुवात बागेने करा: 'अमुक गावात दोन एकर केळी आहे. उन्हाळ्यात बागेतलं तापमान किती जातं हे मालकाला आज कळत नाही. आम्ही ते कळवणारं यंत्र बनवत आहोत. एक यंत्र बागेत लागलं आहे, फोटो सोबत. आणखी दोनसाठी ७,८०० रुपये लागतील, वस्तूंची यादी मागे आहे.' आकडा गोल करू नका. ७,८०० वाचून माणसाला कळतं की यांनी हिशेब केलाय. आणि एक यंत्र आधीच लागलेलं असलं पाहिजे. विभागाच्या सामानातून पहिलं करा, मग मागायला निघा. ही पत्रं आधी तुमच्याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवा, नंतर परिसरातल्या शेतकरी उत्पादक कंपनीला, मग कारखान्यांना. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा होकार आलाय तो पाच-सात वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलांकडून.

शेतकऱ्याकडून मात्र पैसे घेऊ नका, यावर मी ठाम आहे. तो त्याची बाग देतोय, वेळ देतोय, डब्याची राखण करतोय. आणि त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की या नोंदी पीक विम्याला चालणार नाहीत. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या अधिकृत हवामान केंद्राच्या नोंदींवर. तुमचा डबा बघून त्याच्या मनात ही आशा येतेच. ती वाढू देऊ नका.

पैसे आले की ते कॉलेजच्या खात्यात घ्या, पावती कॉलेजची द्या. हे मी अनुभवाने सांगतेय. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटाला एका खासगी ट्रस्टकडून ४० हजार मंजूर झाले, पहिला हप्ता २० हजारांचा आला. मुलांनी घाईत खरेदी केली. बिलं एका मुलाच्या नावावर, दोन बिलांवर जीएसटी क्रमांकच नाही, एक तर कच्ची चिठ्ठी. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला, करायला बसलो तर ९ हजारांचा खर्च दाखवताच येईना. दुसरा हप्ता आला नाही. पोरांनी त्या भरवशावर उधारीत ११ हजारांचं सामान आणलेलं होतं, ते त्यांच्या घरून फेडलं गेलं. एकाचे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. तो मुलगा पैसे आणून देताना काही बोलला नाही, आणि मला ते आजही सहन होत नाही. तेव्हापासून पहिल्या खरेदीआधी मी गटाला बसवते: बिल कॉलेजच्या नावावर, पक्कं, तारखेसह; मोठ्या वस्तूला तीन कोटेशन; वस्तू आली की त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद. परदेशातला कुणी नातेवाईक पैसे पाठवतो म्हणाला तरी कॉलेजच्या खात्यात ते घेऊ नका. तो परदेशी नागरिक असेल तर कॉलेजला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, नोंदणी लागते.

मोठ्या योजनांबद्दल विचारलंत म्हणून सांगते. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना नमुना यंत्रासाठी १० लाखांपर्यंत देते, एमएसएमई मंत्रालयाच्या आयडिया हॅकेथॉनमधून नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या (इन्क्युबेशन) संस्थेमार्फत १५ लाखांपर्यंत मिळतात. दोन्ही चांगल्या आहेत, पण अर्ज, छाननी, सादरीकरण यात महिने जातात आणि तुमचं सबमिशन थांबत नाही. तुमच्यातल्या दोघांना हे यंत्र पास झाल्यावरही पुढे न्यायचं असेल तर एप्रिलमध्ये, बागेतल्या नोंदी हातात असताना अर्ज करा. २००६ पासून राज्यात होणारा विद्यापीठांचा संशोधन महोत्सव 'आविष्कार' मात्र सोडू नका. तुमचं कॉलेज जळगावच्या विद्यापीठाला जोडलेलं आहे की लोणेरेच्या, ते बघून त्या विद्यापीठाच्या फेरीत उतरा. तिथून खर्चाला पैसे मिळतील असं धरू नका, पण परीक्षकांच्या प्रश्नांनी प्रोजेक्ट सुधारतो. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला सहा जणांचा गट लागतो, त्यात किमान एक मुलगी. तुम्ही चौघं आहात, म्हणजे दोघं जोडावे लागतील.

राहिली एक गोष्ट, आणि ती सबमिशनच्या आधी करायची आहे. प्रोजेक्ट संपला की सेन्सर, बोर्ड, लोरा मॉड्यूल घरी नेऊ नका. आमच्या विभागात एक लोखंडी पेटी आहे. प्रत्येक गट आपलं सामान धुऊन-पुसून, चालू की बंद ते तपासून, कागदी पाकिटात घालून तिच्यात ठेवतो. पाकिटावर तीन ओळी: काय आहे, कुणी दिलं, काय बिघडलंय. ही पेटी सुरू झाल्यावर चौथ्या वर्षी आमच्या एका गटाला बाहेरून फक्त २,३०० रुपयांचं सामान आणावं लागलं. तुमच्याकडे पेटी नसेल तर तुम्हीच सुरू करा, आणि तुम्हाला पैसे देणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला त्या पाकिटाचा फोटो पाठवा. उद्या कॉलेजला गेलात की आधी लॅब असिस्टंटना भेटा, विभागाच्या कपाटात काय काय पडलंय ते लिहून आणा, आणि नवी यादी इथे टाका. मी ओळ न ओळ बघून देते.