इंग्रजीतला 'कॅश्यू' आपल्या 'काजू'वरून आला का?

नाही. काजू कोकणचा, म्हणजे शब्दही इथूनच इंग्रजांनी नेला असणार, असं तुम्ही प्रश्नात धरून चाललात. आमच्या वेंगुर्ल्यातही निम्मे लोक हेच सांगतील. पण दोन्ही शब्द पोर्तुगीज 'काजु'चे, आणि पोर्तुगीजांनी तो उचलला ब्राझीलच्या तुपी लोकांकडून. ते या झाडाला 'अकाजु' म्हणत. पोर्तुगीज ब्राझीलला पोचले १५०० साली, गोवा घेतला १५१० मध्ये, आणि त्याच शतकात झाड नावासकट आपल्या किनाऱ्याला लागलं. (अननसही तिथलाच. तुपी 'नाना', पोर्तुगीज 'अनानास'. हा शब्द मात्र इंग्रजीत रुळला नाही.)

'एका काशाला (म्हणजे एका नाण्याला) आठ' म्हणजे मल्याळममध्ये 'काशिन् एट्टु', त्याचा कॅश्यू झाला, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. सोडून द्या. मल्याळममध्येच काजूच्या झाडाला 'परंगीमाव' म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचा आंबा!

मला खरी गंमत वाटते ती शास्त्रीय नावाची. लहानपणी मार्चमध्ये ओले काजूगर काढायला बसलो की आजी ओरडायची, "तेल लाय आदी हाताक, बिब्यासारखो उततलो!" खोबरेल चोपडूनही चीक लागायचाच. बोटं काळी पडायची, मग आठवडाभर सालं निघायची. शाळेत हात खिशात.

तर, युरोपातल्या जुन्या औषधांच्या ग्रंथांत 'अनाकार्डियम' म्हणजे आपला बिब्बा. ग्रीक 'कार्दिया' म्हणजे हृदय, बिब्ब्याचा आकार तसाच. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्याने १७५३ मध्ये काजूला नाव दिलं 'अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले'. ऑक्सिडेंटाले म्हणजे पश्चिमेकडचा. थोडक्यात, पश्चिमेचा बिब्बा. आणि दोघं आहेतही एकाच कुळातले: बी रसाळ बोंडाच्या टोकाला बाहेर, टरफलात अंगावर उठणारं तेल, आत गोड गर. बिब्ब्याच्या गराला गोडंबी म्हणतात, ती डिंकाच्या लाडवात खाल्ली असेल.

नाव काजूने पळवल्यावर बिब्ब्याला शास्त्रज्ञांनी 'सेमेकार्पस अनाकार्डियम' केलं. स्वतःचंच नाव बिचाऱ्याला आडनावासारखं मागे लावून मिळालं.