रंग नाही, तरी ऊन दिसते कसे?

प्रश्न : जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररच्या 'अभ्यासिकेतील संत जेरोम' (१५१४) या छापचित्रात खिडकीतून खरोखर ऊन आल्यासारखे वाटते. त्यात पांढरी शाई आहे का? मी पेनाने नक्कल करतो, तेव्हा सावल्या डांबर फासल्यासारख्या होतात. काय चुकते?

उत्तर : पांढरी शाई कुठेच नाही. तांब्याच्या पत्र्यावर ब्यूरिन नावाच्या पोलादी कोरणीने चरे पाडतात, त्यांत शाई भरतात, वरची शाई पुसून काढतात आणि दमट कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढतात. चरा नाही तिथे कागद कोराच राहतो. म्हणजे कोरणाऱ्याच्या हाती फक्त सावली असते. ऊन त्याला राखून ठेवावे लागते.

डावीकडची खिडकी भिंग लावून पाहा. गोल काचांच्या चकत्यांची सावली शेजारच्या भिंतीवर पडली आहे. तिथल्या रेघा बारीक आणि विरळ आहेत. संताच्या मागे मात्र रेघा दाट होतात, म्हणून त्याच्या डोक्याभोवतीचे तेज उजळते. खिडकीतला कागद आणि तेजोवलयातला कागद एकच. फरक शेजारच्या काळोखाचा. धर्मचित्रात दिव्य प्रकाश दाखवायची इतकी काटकसरी युक्ती क्वचितच सापडेल!

तुमच्या सावल्या बुजतात, कारण रेघांमधली फट मिटते. ड्यूररच्या गडद भागांतही कागदाचे बारीक ठिपके श्वास घेत असतात. आधी पेन्सिलीने उन्हाच्या कडा आखा आणि त्यांच्या आत पेन नेऊच नका. मग वस्तूच्या वळणाने रेघांचा एक थर द्या. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा थर तिरका द्या : ९० अंशांत छेदलात तर मच्छरदाणी दिसते, फार चिंचोळ्या कोनात छेदलात तर लहरी उठतात. तरीही गडद हवे असेल, तर फटींत तुटक रेघा किंवा ठिपके द्या, अखंड तिसरा थर नको. मूळ चित्र जेमतेम २५ × १९ सेंमी आहे, तेव्हा नक्कल दुप्पट आकारात करा. ०.१ मिमीचे पेनही मूळ मापात जाडच पडते.

आणखी एक गोष्ट : नमुना कोणता वापरता? वारंवार पुसून आणि दाबून पत्रा झिजतो, आणि आधी जातात त्या उथळ, बारीक रेघा. उशिराच्या छापांत खिडकीजवळची नाजूक सावलीच फिकटते आणि ऊन सपाट होते. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा सुरुवातीचा छाप निवडा.