आई-बाबांना फॉल कलर्स दाखवायला बॉस्टन-क्युबेक क्रूझ करावी का?

आई-बाबा पुण्याहून येतायत, त्यांना फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधी झाडांना चढणारे रंग, दाखवायचेत, पण गाडीत तासन्‌तास बसवत नाही, म्हणून क्रूझ करावी का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा. फक्त डेकवर खुर्ची टाकून दोन्ही बाजूंचे लालभडक डोंगर बघत जायचं, हे जाहिरातीतलं चित्र डोक्यातून काढून टाका. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. अमेरिकेचं मेन राज्य, कॅनडाचा नोव्हा स्कोशिया प्रांत हा सगळा टप्पा जहाज खुल्या समुद्रातून कापतं, तेही बरंचसं रात्री. सकाळी पडदा सारला की समोर बंदर. रंग बघायचे तर खाली उतरायलाच हवं.

याला अपवाद सेंट लॉरेन्स नदीचा. क्युबेक शहराच्या आसपास काठ जवळ येतात, आणि जहाज सॅगने फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत, शिरणार असेल तर विचारूच नका. दोन्हीकडे उभे कडे, त्यांवर पिवळे बर्च आणि मधूनच पेटलेला एखादा मेपल. सासूबाई स्वेटरवर शाल, वर कानटोपी अशा थाटात बाल्कनीत बसल्या त्या जेवायलाही उठेनात. सॅगने नसेल तर बाल्कनीचे जादा पैसे मी तरी भरणार नाही.

आता तारीख. मेपलला लाल चढायला उन्हाचे दिवस आणि गार, पण न गोठणाऱ्या रात्री लागतात. समुद्र किनाऱ्याला ऊब देतो, त्यामुळे तिथे रंग आतल्या डोंगरांपेक्षा उशिरा येतो. क्युबेकच्या बाजूला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तर मेनच्या किनाऱ्यावर साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. म्हणून विमानाने क्युबेकला जा आणि तिथून ऑक्टोबरच्या सुरुवातीला बॉस्टनकडे येणारी क्रूझ घ्या, म्हणजे रंग तुमच्याबरोबर दक्षिणेकडे सरकतो. बॉस्टनहून निघून बॉस्टनलाच परतणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझ बहुधा क्युबेकपर्यंत जातच नाहीत, हे बुकिंगआधी नीट बघा. मेनमधलं बार हार्बर यादीत आहे का, तेही बघा. त्या गावाने २०२२ मध्ये मतदान घेऊन दिवसाला १,००० च क्रूझ-प्रवासी उतरू द्यायचे असं ठरवलं. तिथे उतरायला मिळालं तर अकेडिया नॅशनल पार्क सोडू नका.

खरं सांगायचं तर आमच्या सासऱ्यांना पानांपेक्षा इतिहासातच जास्त रस. १७५९ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी रात्री क्युबेकचा कडा चढून फ्रेंचांना गाठलं, आणि त्या लढाईत वुल्फ आणि माँकाम हे दोन्ही सेनापती पडले, हे ऐकल्यावर ते लगेच म्हणाले, "अहो, हा तर यांचा सिंहगड!" तटबंदीवरून फिरताना मग आम्हाला तानाजी पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागला. नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्सला फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत टायटॅनिकच्या १२१ जणांच्या कबरी आहेत. कित्येकांवर नावच नाही, फक्त क्रमांक आणि १५ एप्रिल १९१२ ही तारीख. कॅनडातल्याच सेंट जॉन बंदरात फंडीच्या उपसागराची भरती इतकी जोरदार की नदीचं पाणी उलटं वाहतं. मात्र ते भरतीच्या वेळेवर अवलंबून, तुमच्या सहलीच्या वेळेवर नाही!

हवेचा भरवसा धरू नका. वादळांचा मोसम असतो, एखादं बंदर ऐनवेळी गाळलं जाऊ शकतं. शाकाहारी, विशेषतः कांदा-लसूण नसलेलं जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे व्हिसा. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजांना नुसती अमेरिकी बंदरं धरून फेरी काढता येत नाही, त्यामुळे कॅनडा आलंच. भारतीय पासपोर्टवर आई-बाबांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागेल, आणि परत येण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. कॅनडाच्या अर्जासाठी बायोमेट्रिक्स द्यावे लागतात, ते पुण्यात असतानाच उरकू द्या. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं बुकिंग अजिबात करू नका.