पानं झडली म्हणून सावर तोडू नका, आणि कलमांना रोज पाणी घालू नका

मंडळी, या आठवड्यात दोन प्रश्न आलेत, दोन्हींचं उत्तर जंगलातच आहे म्हणून एकत्र लिहितोय. मुंबईच्या आरेतल्या पाड्यावरचे एक दादा विचारतात, साहेब रोज बादलीभर पाणी घालूनपण आंब्याची कलमं एप्रिलमध्ये माना टाकतात, आणि बाजूला नॅशनल पार्कात कोणी थेंब घालत नाही तरी झाडं उभी, हे कसं? आणि गोराईच्या ताईंची काटेसावर डिसेंबरपासून पान नाही अशी उभी आहे, तोडू का म्हणतात.

ताई, आधी तुमचं, कारण कुऱ्हाड पडली की विषय संपला. एक बारीक फांदी घ्या, साल नखाने जराशी खरवडा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. पाणी उडतं ते मुख्यतः पानांतून, म्हणून थंडीच्या दिवसांत सावर, पांगारा, पळस पानंच टाकून देतात म्हणजे खर्च बंद. सावरीचं लाकूड मऊ, त्यात पाणी साठवलेलं असतं आणि त्याच्या जोरावर ती पाऊस नसताना फुलते. कुसुंबाची तर गंमतच बघा, मार्चच्या कडक उन्हात लालभडक पालवी, अशा झाडांची मुळं कातळाच्या भेगांतून खाली ओलाव्यापर्यंत गेलेली असतात. आपल्याकडे वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, पुढचे आठ महिने झाडाला साठवणीवरच काढायचे असतात.

आता दादा, तुमचं. तुमच्याकडे आलो तेव्हा कलमाच्या आळ्यात खुरप्याने उकरून बघितलं, आठवतंय ना, वर दोन बोटं चिखल आणि खाली कोरडा भुगा, आणि बारीक मुळं सगळी वरच्या ओलीत गोळा झालेली. रोज वरवर पाणी मिळालं की मूळ खाली जातच नाही, मग एक दिवस चुकला की कलम सुकलं. त्यात पिशवीत वाढलेल्या कलमाचं सोटमूळ बऱ्याचदा आधीच वेटोळं झालेलं असतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच दोन-तीन बादल्या हळूहळू जिरवा, खोडाशी नको, फांद्यांच्या घेराखाली, आणि वर चार बोटं पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. साग-ऐनाचा पाला जाळता ना, तो जाळू नका हो, जंगलात तीच जमिनीची गोधडी असते. एकदम रोजचं पाणी तोडू नका, आधी दोन दिवसाआड, मग चार, असं वाढवत न्या. नवीन लावायचं असेल तर पावसाच्या तोंडावर रायवळची, म्हणजे गावठी आंब्याची, कोय जागेवरच रुजवा आणि रोप तयार झालं की तिथेच कलम बांधा, सोटमूळ सरळ खाली उतरतं.

पावसाळ्यात मात्र आळं मोडून खोडाशी मातीची भर द्या, पाणी तुंबलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि कलम कुजतं.

ताई, सावरीला पालवी फुटली की फोटो पाठवा.