भुईमुगाच्या शेंगा पोचट निघतायत? युरिया ठेवा बाजूला, जिप्सम बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरच्या हातकणंगले भागात २० गुंठं काळं रान आहे, भुईमूग पेरताना डीएपी खताचं एक पोतं टाकलं, गेल्या साली पाला गुडघ्याएवढा आला पण शेंगा निम्म्या पोचट, आणि आता पेरून महिना होत आला तर युरिया देऊ का कॅल्शियमची फवारणी घेऊ. दोन्ही नको. पाहिजे ते जिप्सम, म्हणजे मातीत टाकायचं कॅल्शियमचं खनिज खत.

आधी डीएपीचा हिशोब बघा. ५० किलोच्या पोत्यात नत्र (नायट्रोजन) ९ किलो आणि स्फुरद (फॉस्फरस) २३ किलो असतंय. भुईमुगाला शिफारस आहे हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद, म्हणजे तुमच्या २० गुंठ्याला, हेक्टरच्या पाचव्या हिश्श्याला, ५ आणि १० किलो. दुपटीच्या आसपास गेलंयच की आधीच, त्यात युरिया कशाला? शिवाय हे पीक मुळावरच्या गाठीत हवेतला नत्र स्वतः धरतंय. एक रोप हळूच उपटा, गाठ नखानं फोडा, आत गुलाबी लालसर दिसली तर काम चालू आहे. जास्त नत्र दिलं की गाठी सुस्तावतात आणि सगळा जोर पाल्यात जातो.

आता पोचट शेंगांचं. इथंच बहुतेक जण फसवले जातात, आणि मला ह्याचा खरंच राग येतो, कारण दुकानात महागड्या बाटल्या हातात देतात. कॅल्शियम मुळातनं पाण्याबरोबर पानाकडं वर जातं, पण पानातनं परत खाली शेंगेत जवळजवळ येतच नाही. आऱ्या, म्हणजे फुलानंतर खाली सुटणारे आणि टोकाला शेंग धरणारे देठ, मातीत घुसल्या की शेंग आपलं कॅल्शियम भोवतीच्या मातीतनंच टरफलातनं ओढून घेते. त्यामुळं पानावर कितीबी फवारा, शेंग उपाशीच. वरच्या दोन-तीन इंच मातीत कॅल्शियम पाहिजे आणि तिथं ओलबी पाहिजे, माती कोरडी पडली तर जिप्सम असूनबी शेंगेला मिळत नाही.

म्हणून जिप्सम. हेक्टरी ४०० किलो, निम्मं पेरताना आणि निम्मं आऱ्या सुटताना. तुम्ही पेरताना दिलं नाही, तर २० गुंठ्याला ८० किलो आताच द्या, झाडाच्या बुडाजवळ, पानांवर ओल नसताना, आणि लगेच कोळपून मातीची भर लावा. एकदा आऱ्या जमिनीत शिरल्या की मात्र कोळपं घालू नका, आऱ्या तुटतात. जिप्सममधनं गंधकबी मिळतं, तेलाला ते लागतंच. पुढच्या साली डीएपीच्या जागी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, त्यात स्फुरदाबरोबर कॅल्शियम आणि गंधक दोन्ही येतंय, २० गुंठ्याला सव्वा पोतं बास, त्यात नत्र नसतं म्हणून वर थोडा युरिया, ११ किलोच्या पुढं नको.

उसाच्या खोडव्यातनं मोकळं केलेलं रान असंल तर पोटॅश खत बघून टाका, शेंगेच्या थरात पोटॅश जास्त झालं तर ते कॅल्शियमच्या आड येतं. माती परीक्षण करून घ्या, त्यात बोरॉनबी बघा, ते कमी असलं तर दाण्याच्या दोन डाळींत मधी पोकळी दिसते. पण बोरॉन अंदाजानं टाकू नका, थोडं जास्त झालं तरी पीक करपतं.

काळ्या चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, नत्राची नव्हे. नत्र कमी असलं तर जुनी खालची पानं आधी पिवळी पडतात. हे न बघताच लोक युरिया फेकतात. साचलेलं पाणी आधी काढा, मग फेरस सल्फेटची फवारणी. राधानगरी, चंदगडकडच्या तांबड्या आंबट (आम्लधर्मी) जमिनीचं गणित उलटं, तिथं पेरणीआधी चुना लागतो, नुसत्या जिप्समनं आंबटपणा जात नाही.

आणि ह्यातलं बी ठेवणार असाल तर काढणीनंतर थोडे दाणे उकलून बघा, आतला कोंब काळपट दिसला तर कॅल्शियम कमी पडलंय, ते बी पेरायला ठेवू नका, उगवण मार खाते.